घराखाली काय आहे ते कोण बघतं? इन्स्टॉलरचं प्रशिक्षण आणि तपासणी

प्रश्न विचारणारे गृहस्थ विदर्भातले. भारतात आणि मग अमेरिकेत मिळून दहा-बारा वर्षं त्यांनी इमारतींच्या कामावर सुपरवायझर म्हणून काढली आहेत. आता वायोमिंगमध्ये स्वतःची टोळी उभी करून, कारखान्यात बनून आलेली घरं जागेवर बसवण्याचा, म्हणजे इन्स्टॉलरचा, धंदा ते सुरू करताहेत. त्यांच्या तीन शंका आहेत. इतका अनुभव असताना परवान्याआधी १२ तासांचा वर्ग आणि नंतर दर तीन वर्षांत ८ तासांचं प्रशिक्षण कशासाठी? घर कारखान्यातच तपासून, लाल पट्टी लागून येतं, मग जागेवर पुन्हा तपासणी का? आणि ती करायला बोलवायचं कोणाला, कधी?

मी सिव्हिल इंजिनियर, मूळचा साताऱ्याचा. आधी पायाची डिझाइनं करायचो, गेली नऊ वर्षं परवानाधारक अभियंता म्हणून या भागात अशा घरांची तपासणी करतो. दुसऱ्या शंकेपासून सुरू करतो, कारण ती फिटली की पहिली निम्मी आपोआप फिटते.

ही घरं ज्या कायद्याखाली बनतात तो १९७४ चा, आणि त्याची बांधकाम-मानकं लागू झाली १५ जून १९७६ पासून. त्या तारखेआधीचं ते मोबाइल होम, नंतरचं ते मॅन्युफॅक्चर्ड होम. बोलताना लोक दोन्हींना ट्रेलर म्हणतात, पण कागदोपत्री ती तारीख फार महत्त्वाची आहे. मानकं केंद्राच्या गृहनिर्माण खात्याची, ज्याला इथे सगळे नुसतं ‘हड’ म्हणतात. घराच्या भिंती, छप्पर, वायरिंग यांना गावाचा बांधकाम नियम लागत नाही, देशभर एकच संहिता लागते. आराखडे एक मान्यताप्राप्त संस्था तपासते. उत्पादनावर नजर ठेवण्यासाठीही अशीच संस्था असते. नवा कारखाना सुरू होताना निदान एक घर प्रत्येक टप्प्यावर पाहिलं जातं आणि पुढे प्रत्येक घर किमान एका टप्प्यावर तरी. मग प्रत्येक भागाच्या मागच्या टोकाला २ बाय ४ इंचांची लाल ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली जाते. घरात स्वयंपाकघराच्या कपाटात, वीजपेटीजवळ किंवा बेडरूमच्या कपाटात डेटा प्लेट चिकटवलेली असते. हे घर वाऱ्याच्या, छपरावरच्या भाराच्या आणि थंडीच्या कोणत्या विभागासाठी बनलंय ते तिच्यावर नकाशांसकट असतं. घर जागेवर आलं की आधी ती वाचा. मगच ट्रकवाल्याच्या कागदावर सही करा.

ही सगळी व्यवस्था चांगली आहे, आणि मी ती मनापासून मानतो. पण लाल पट्टी सांगते ते एवढंच, की कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना घर संहितेप्रमाणे होतं. त्यानंतर ते दोन तुकड्यांत शेकडो मैल हायवेवर धावतं, वळणावर पिळतं, आणि कारखान्यातल्या कोणीही कधी न पाहिलेल्या जमिनीवर येऊन थांबतं. त्या जमिनीबद्दल पट्टीला काहीच माहीत नसतं.

कायद्यालाही हे उशिरा कळलं. १९९२ च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडात हजारो मोबाइल होम्सचा चुराडा केला. त्यातून वाऱ्याचे नियम कडक झाले आणि १३ जुलै १९९४ पासून किनारपट्टीच्या विभागांसाठी घरं बरीच मजबूत बनू लागली. पण घराला जमिनीशी धरून ठेवणारा अँकर जागेवर रोवला जातो, आणि तो रोवणाऱ्याला देशभरात एकसारखा नियम नव्हता. २००० सालच्या सुधारणा कायद्याने ही फट बुजवायला घेतली. त्यातून घर बसवण्याची मानकं आली, म्हणजे केंद्राच्या नियमसंहितेतला भाग ३२८५. इन्स्टॉलरचा परवाना, प्रशिक्षण आणि तपासणी यांचे नियम आले, तो भाग ३२८६. हे दोन्ही २००७-०८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या राज्यांनी तोडीस तोड स्वतःची व्यवस्था उभारली ती राज्यं आपापली व्यवस्था चालवतात, आणि तिथे परवान्याचे तास, परीक्षा, फी सगळं वेगळं असतं. ज्यांनी उभारली नाही तिथे हड स्वतः कारभार पाहतं. वायोमिंग त्यांपैकी एक. म्हणून मी खाली सांगतो ते हडच्या नियमांचं आहे. उद्या टेक्सासमध्ये काम घेतलंत तर तिथल्या खात्याकडे नव्याने चौकशी करा.

आता पहिली शंका. तुमच्या अनुभवाची किंमत नियमाने ठेवली आहे. इमारत-बांधकाम सुपरवायझर म्हणून ३६०० तासांचा अनुभव दाखवता आला की अनुभवाची अट पुरी होते. घरं बसवण्याचाच अनुभव असेल तर १८०० तास पुरतात. त्यावर १२ तासांचा वर्ग, त्यातले किमान ४ तास बसवण्याच्या केंद्रीय मानकांचे आणि नियमांचे, मग परीक्षा आणि तीत किमान ७० टक्के. विमा किंवा जामिनाची तजवीज वेगळी. परवाना ३ वर्षांचा, आणि नूतनीकरणासाठी त्या मुदतीत ८ तासांचं पुढचं प्रशिक्षण, तेही हडकडे नोंदलेल्या प्रशिक्षकाकडून. त्या ८ तासांत काय असावं तेही नियमात आहे: मानकांत झालेले बदल, कार्यक्रमाच्या नियमांतले बदल, आणि हड सांगेल ते विषय. बदल होत राहतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारणांनी तर एकाच मॅन्युफॅक्चर्ड इमारतीत ४ पर्यंत घरकुलं बसवण्याची वाट मोकळी केली. एका कुटुंबाचं घर बसवण्यात मुरलेल्या माणसालाही भार, पाणी, वीज यांचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

तरीही ‘बदल कळावेत म्हणून’ एवढ्या कारणाने मी ८ तासांची बाजू घेणार नाही. बदल काय, पत्रक वाचूनही कळतात. माझं कारण वेगळं आहे, आणि ते मला एका घराने शिकवलं.

सप्टेंबरचा महिना होता, जमीन कोरडी ठणठणीत. एका निवृत्त जोडप्याने शहराबाहेर थोडी जागा घेऊन त्यावर डबलवाइड, म्हणजे दोन अर्धी जोडून होणारं घर, आणलं होतं. इन्स्टॉलर वीस वर्षांचा जुना माणूस, हात स्वच्छ, काम नीटस. मी गेलो तेव्हा जागा सपाट करून वर खडी पसरलेली होती. घर पेलणाऱ्या ब्लॉकच्या खांबांमधलं, म्हणजे पियरमधलं, अंतर, त्यांच्याखालच्या फूटिंगचं माप, अँकर, घर अँकरला बांधणारे स्ट्रॅप, सगळं कारखान्याच्या पुस्तिकेबरहुकूम. मातीची ताकद त्याने प्रति चौरस फूट १५०० पौंड धरली होती. चाचणी केली नसेल तर नियम तेवढी धरू देतो. मी सही केली.

मे महिन्यात त्या बाईंचा फोन आला. पुढचा दरवाजा लागत नव्हता, आणि जिथे दोन अर्धी जुळतात त्या मॅरेज लाइनवर छताला बोटभर भेग पडली होती. घराखालची पोकळी कडेने झाकणारं स्कर्टिंग काढून मी घराखाली सरपटत गेलो. मधल्या रांगेतले पियर जागच्या जागी होते आणि कडेचे वर आले होते. छपराचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी कडेने मुरलं होतं. खडी बाजूला करून मी बोटाने माती उकरली, तर ती साबणासारखी बोटाला चिकटली. बेंटोनाइट होतं ते, पाण्याने फुगणारी चिकणमाती.

आपल्याला ही माती परकी नाही. विदर्भात आणि आमच्या कृष्णाकाठी जी काळी माती आहे, उन्हाळ्यात जिच्या भेगांत हात जातो आणि पावसात जी फुगून कुंपणाचे खांब वाकडे करते, तिच्यातही याच जातीची चिकणमाती असते. वायोमिंगमधून तर बेंटोनाइट खाणींतून काढून जगभर पाठवतात. माझ्या आजोबांनी काळ्या मातीवर गोठा बांधताना मुरूम लागेपर्यंत पाया खणला होता. मला हे सगळं माहीत होतं. तरी त्या दिवशी मी पुस्तिकेतली मापं तपासली आणि पायाखालची माती पाहिली नाही, कारण ती झाकलेली होती. भाग ३२८५ मध्ये स्पष्ट लिहिलंय की माती दलदलीची, सेंद्रिय चिकणमातीची, न दाबलेल्या भरावाची किंवा कोणत्याही अर्थाने वेगळी दिसली तर १५०० चा आकडा सोडा आणि भूवैज्ञानिक, अभियंता किंवा वास्तुविशारदाकडून ठरवून घ्या. इन्स्टॉलरने ते कलम पहिल्या वर्गात ऐकलं होतं. त्यानंतर ते त्याला कधी लागलं नाही, म्हणून ते विसरलं गेलं.

त्याने स्वतःच्या खर्चाने घर उचलून कडेची फूटिंगं नव्याने केली, पाणी लांब नेलं, पन्हाळी बसवल्या. भला माणूस. पण त्या बाईंचा अख्खा उन्हाळा वाकड्या घरात गेला आणि घराचे पैसे त्यांच्या साठवणीतून आलेले होते. त्या मे महिन्यापासून माझं मत पक्कं झालं आहे. तपासणी म्हणजे एका दिवसाची नजर. खडीखाली, ब्लॉकखाली, पट्ट्याखाली जे झाकलं जातं ते पाहणारा एकच माणूस असतो, झाकणारा. ८ तासांचा वर्ग असतो तो त्याच्या डोक्यातलं, न लागल्यामुळे पुसलेलं कलम पुन्हा ओलं करण्यासाठी. म्हणून वर्ग निवडताना माती, पाणी आणि थंडी यांवर तास असलेला निवडा. आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यासाठी तो ठेवू नका. पहिल्याच वर्षी निम्मे तास घ्या, कारण चुका पहिल्याच वर्षी होतात.

थंडीचं सांगतो. आपण महाराष्ट्रातून आलेले, आपल्या अनुभवात पाया खचतो. इथे तो वर उचलला जातो. जमीन वरून गोठत जाते तसं खालचं पाणी केशाकर्षणाने वर ओढलं जातं, गोठणाऱ्या थरापाशी बर्फाचे पापुद्रे साचतात आणि ते पापुद्रे पियरला वर ढकलतात. वसंतात ते वितळलं की पियर खाली बसतो, पण पूर्वीच्या जागी बसेलच असं नाही. नियम तीन वाटा देतो: फूटिंग गोठणरेषेच्या, म्हणजे जमीन जिथवर गोठते त्या खोलीच्या, खाली न्या, किंवा एकसंध काँक्रीट स्लॅब करा, किंवा उष्णतारोधक थर देऊन पाया राखा. शेवटच्या दोन वाटा अभियंत्याच्या डिझाइनशिवाय धरू नका. गोठणरेषेची खोली गावागणिक बदलते. ती शेजाऱ्याला विचारू नका, गावाच्या बांधकाम खात्याकडून लेखी घ्या. हाच नियम अँकरच्या टोकाच्या मळसूत्री पात्यालाही आहे. पाया थंडीपासून राखलेला नसेल तर पातं गोठणरेषेखालीच असलं पाहिजे.

अँकरवर इथल्या लोकांचा फार विश्वास असतो, आणि वायोमिंगचा वारा पाहता असावाही. नकाशात हे राज्य वाऱ्याच्या पहिल्या, म्हणजे सौम्य विभागात येतं. पण हिवाळ्यात आय-८० हायवेवर रिकामे ट्रक आडवे झालेले ज्याने पाहिलेत तो ‘सौम्य’ म्हणणार नाही. एका अँकरने ३१५० पौंडांचा कामाचा भार घ्यायचा आणि ४७२५ पौंडांपर्यंत टिकायचं, म्हणजे दीडपट. या संख्येवरच लोक फसतात. ती ताकद अँकरची एकट्याची नाही, अँकर आणि माती दोघांची मिळून आहे. त्यासाठी टॉर्क प्रोब, म्हणजे फिरवताना मातीचा विरोध मोजणारी सळई, जमिनीत फिरवून पाहायचा. तो १७५ ते २७५ इंच-पौंड दाखवत असेल तर माती ४-ब वर्गाची, सैल, आणि त्या वर्गासाठी प्रमाणित असलेलाच अँकर हवा. दगड लागला म्हणून अर्ध्यावर थांबवून वरचा दांडा कापलेले अँकर मी दोनदा पाहिलेत. दोन्ही वेळा सही केली नाही. दगड लागला तर जागा बदला किंवा खडकाचा अँकर वापरा. अँकर पूर्ण खोलीपर्यंत गेला पाहिजे, पुस्तिका सांगत असेल तिथे अँकर आडवा सरकू न देणारी स्टॅबिलायझर प्लेट बसली पाहिजे.

बाकीच्या गोष्टी भरभर सांगतो, कारण त्या पुस्तिकेत सापडतात. घरापासून पहिले १० फूट जमिनीला दर फुटाला अर्धा इंच उतार. घराखाली ६ मिलचा (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) प्लास्टिकचा कागद, जोडावर १२ इंच एकमेकांवर. चौकटीच्या मुख्य तुळईखाली किमान १२ इंच मोकळी जागा. ब्लॉकचे पियर ३६ इंचांपर्यंत एकेरी, त्यापुढे ६७ इंचांपर्यंत दुहेरी आणि एकमेकांत अडकवलेले, त्याहून उंच असतील तर अभियंत्याचं डिझाइन. ब्लॉकची भोकं उभी ठेवा. आडवा ठेवलेला ब्लॉक भार घेत नाही, फुटतो. लाकडी पाचरी जोडीने ठोका आणि त्यांनी मिळून एका इंचापेक्षा जास्त उंची व्यापू नये. दोन अर्ध्यांना जोडणारी गरम हवेची नळी जमिनीला टेकता कामा नये, चार-चार फुटांवर पट्ट्यांनी टांगा. कपडे वाळवायच्या यंत्राची हवा स्कर्टिंगच्या बाहेर काढा. ती आतच सोडली तर थंडीत घराखाली दमट हवा साचते आणि वर्षभरात फळ्या बुरसटतात. या शेवटच्या दोन चुका मला सर्वांत जास्त सापडतात, आणि त्या दुरुस्त करायला अर्धा तास पुरतो.

आता कोणाला बोलवायचं ते. स्थानिक बांधकाम खात्याचा इन्स्पेक्टर, परवानाधारक अभियंता, नोंदणीकृत वास्तुविशारद, हडची मान्यता असलेली तपासणी संस्था किंवा इंटरनॅशनल कोड कौन्सिलचं प्रमाणपत्र असलेला इन्स्पेक्टर, यांपैकी कोणीही चालतो. अट एक: तपासणीच्या फीखेरीज त्या घराच्या विक्रीत त्याचा पैशाचा संबंध नसावा. कारखानदार, विक्रेता आणि तुम्ही स्वतः, तिघांपासून तो स्वतंत्र हवा. विक्रेता म्हणेल, ‘आमचा नेहमीचा माणूस आहे, तो येऊन सही करेल.’ त्याला नम्रपणे पण ठाम नाही म्हणा. घर मापात बसवल्याचं प्रमाणपत्र तुमच्या परवाना क्रमांकाने जातं. ते खोटं निघालं तर परवाना तुमचा जातो, विक्रेत्याचा माणूस पुढच्या घरी निघून गेलेला असतो.

तपासणीत काय पाहायचं याची यादी नियमातच आहे: जागेची निवड आणि तिथली खास परिस्थिती, उतार आणि निचरा, पाया, अँकर, बसवलेल्या ऐच्छिक सोयी, नळ्या-गॅस-पाण्याची जोडणी, वीज, आतून-बाहेरून सांधे बंद करणं, स्कर्टिंग, आणि शेवटी सगळं चालवून पाहणं. वाचताना दिसेल की निम्म्या गोष्टी शेवटच्या दिवशी डोळ्यांना दिसतच नाहीत. म्हणून मी सगळ्या इन्स्टॉलरना दोन भेटींचा आग्रह करतो. पहिली फूटिंगचे खड्डे उघडे असताना, दुसरी घर जुळून स्कर्टिंग लागण्याआधी. दोन फेऱ्यांची फी थोडी जास्त पडते आणि काहीजण कुरकुरतात. त्या मे महिन्यानंतर एकाच भेटीवर सही करणं मी सोडलंय.

इन्स्पेक्टरला एखादी गोष्ट पटली नाही तर तो तुम्हाला कळवेल, तुम्ही दुरुस्त कराल, तो पुन्हा पाहील. यात मानापमानाचं काही नाही. साधारणपणे वीज-पाणी जोडून घर राहायला तयार झालं, त्या दिवसापासून घरमालकाचं एक वर्ष सुरू होतं. त्या वर्षात त्याने कळवलेला दोष कारखान्याचा, विक्रेत्याचा की इन्स्टॉलरचा, यावर वाद झाला तर तो सोडवण्याची वेगळी व्यवस्था आहे. तिथे तुमच्या बाजूने बोलतात ते कागद आणि फोटो. वीस वर्षांच्या अनुभवाची गोष्ट तिथे कोणी ऐकून घेत नाही.

पहिलं घर बसवाल तेव्हा प्रत्येक खड्ड्याचा फोटो काढा, ब्लॉक ठेवण्याआधी, आत टेप उभी धरून. तळाची मूठभर माती कागदावर काढून खड्ड्याच्या काठाशी ठेवा. फोटोत खोलीचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि मातीचा रंगही दिसला पाहिजे. नंतर त्या मातीवर थोडं पाणी टाकून ती बोटात मळून पाहा.